बादली कुणाची

आमच्या रहाटणीच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक लाल बादली आहे. कडी तुटलेली, बूड घासून पांढरं पडलेलं. तिच्यात आता कांदे असतात. मी तीन वेळा ती भंगारवाल्याला द्यायला काढली आणि तिन्ही वेळा बायकोने जिन्यातून परत आणली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आधी तुम्हाला देईन, मग बादलीला." भंगारवाला हसला. मला राग आला. मला राग लवकर येतो हे मी मान्य करतो, पण कुणी चिडका म्हटलं की त्याचाही राग येतो.

ही बादली घरात कशी आली हे सांगायचं तर सात-आठ वर्षं मागे, निघोज्याला जावं लागेल. तिथे मी भाड्याने राहायचो. एका ओळीत दहा खोल्या, वर पत्रा, पुढे अंगण आणि अंगणात एकच नळ. पाणी पहाटे पाचला यायचं आणि जेमतेम पाऊण तास टिकायचं. पहिल्या शिफ्टची बस सहाला. त्यामुळे माणसांनी रांगेत उभं राहायचं नाही, बादल्यांनी राहायचं, असा तिथला कायदा होता. संध्याकाळी प्रत्येकाने आपली बादली आपल्या नंबरावर ठेवायची आणि सकाळी पाणी आलं की येऊन भरायची. जो भाडेकरू जुना त्याचा नंबर आधी. मी सगळ्यांत जुना, म्हणून माझी निळी बादली पहिली. माझ्यानंतर आठ दिवसांनी आलेला बिहारचा वेल्डर दुसरा. शेवटच्या दोन बादल्यांना बहुतेक वेळा नुसती हवा मिळायची.

कायदा घरमालकीणबाईंचा. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. जुन्या गावकीतल्या बाई, नळाजवळ बाज टाकून सकाळी मिश्री लावत बसायच्या. "मानूस जाग्यावरनं हलतंय, बारडी न्हाई हलत. म्हून बारडीचा इस्वास," असं त्यांचं म्हणणं. त्या बादलीला बारडी म्हणत.

आता माझ्या कामाविषयी दोन शब्द, कारण पुढे ते लागणार आहे. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चांगला पार्ट हिरव्या डब्यात, शंका असलेला पिवळ्या डब्यात आणि बाद झालेला लाल डब्यात. लाल डब्याला हात लावायचा अधिकार फक्त इन्स्पेक्टरला, तोही सही करून. दुसऱ्या कुणी तो नुसता सरकवला तरी मेमो. इकडच्या झाडून सगळ्या कंपन्यांत हीच रीत. त्यामुळे आमच्या भागातला कामगार लाल डबा दिसला की हात मागे घेतो, मग तो कुठेही असो. एका लग्नात केटरिंगवाल्याने मसालेभात लाल टबात ठेवला होता. आमच्या शॉपची, म्हणजे खात्याची, तीस माणसं जेवायला, एकानेही भात घेतला नाही. नवरीचा बाप हात जोडून विचारत होता, काही चुकलं का? मी स्वतः उठून वाढून घेतला, तेव्हा कुठे पंगत हलली.

तर लग्नानंतर दोन वर्षं मी निघोज्यात एकटा आणि बायको गावी, लातूरकडे. तिचं तिथे शिवणकाम चांगलं चालायचं. ब्लाउजला बाया दोन-दोन गावांवरून यायच्या. मी ये म्हटलं की ती म्हणायची, येते. दोन वर्षं येतेच म्हणत होती. शेवटी आली ती अट घालून. "एक महिना राहून बघते. जमलं तर राहीन. नाही तर मी माझी तिकडं, तुम्ही तुमचे इकडं, सणाला भेटू." शिलाई मशीन तिने आणलीच नव्हती. मशीनच्या लाकडी झाकणाला कुलूप घालून ती माहेरी ठेवली होती आणि चावी मंगळसूत्राच्या पिनेला अडकवून घेऊन आली होती. ती चावी मला दिवसभर दिसायची. जेवायला वाढायला वाकली की आधी चावी पुढे यायची आणि मग भाकरी.

पहिल्याच दिवशी तिने खोली बघितली, पत्र्याकडे बघितलं, बाहेर येऊन बादल्यांची रांग बघितली. मी तिला कायदा समजावून सांगितला.

"म्हणजे आपली पहिली?" तिने विचारलं.

"पहिली. दोन वर्षं झाली, कुणाची टाप नाही."

"चला, एवढं तरी बरं आहे," ती म्हणाली. "सकाळी अंगावर पाणी पडलं तर बाकीचं बघता येईल."

मला वाटलं, जिंकलो. आणि मग त्याच रविवारी मी घोळ घातला.

झालं असं की दुपारी आम्ही सगळे सावलीला बसलो होतो. वेल्डर स्वभावाने लाख माणूस, पण बोलायला फटकळ. माझ्या निळ्या बादलीला टिचकी मारून म्हणाला, "भैया, एक बात है. बाल्टी हमारी है. आप लोगों ने बिगाड़ के बादली कर दिया."

बस्स. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अरे, उलट आहे. आमची बादली तुमच्याकडे जाताना वाटेत ठेचकाळली, तिची बाल्टी झाली."

आता त्या दहा खोल्यांत हिंदुस्थानच भाड्याने राहायचा. ओडिशाचे दोघे भाऊ म्हणाले, बाल्टी आमच्याकडेही आहे, कधीपासून आहे. बंगाली पेंटर म्हणाला, बालती, आणि ते इतक्या खात्रीने म्हणाला की जणू त्याच्या आजोबांनीच ती बनवली. आंध्रचा ऑपरेटर म्हणाला, आम्ही बालची म्हणतो. कोपऱ्यातल्या खोलीतला नेपाळी वॉचमन झोपेतून उठून आला आणि "बाल्टिन" एवढंच बोलून परत झोपायला गेला. प्रत्येकाला वाटत होतं की आपली अस्सल आणि बाकीच्यांची पोचा पडलेली. खरं तर याच एका शब्दामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. भाडं, भाजी, भांडण, सगळ्याला दुभाषा लागायचा, पण "माझी बादली कुणी हलवली" हे कुठल्याही भाषेत सगळ्यांना कळायचं. एवढी साधी गोष्ट, सोडून द्यायची की नाही? पण मी सोडीन तर शपथ.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पैज. बादली मराठी नाही असं निघालं तर माझी बादली महिनाभर शेवटी."

वेल्डर पण उभा राहिला. "और बाल्टी हिंदी नहीं निकली तो मेरी."

मावशी बाजेवरून म्हणाल्या, "लागली पैज. म्या साक्षीला हाय. आठ दिसांत पुरावा आना."

मग मला दारात बायको दिसली. हातात पीठ चाळायची चाळण.  पिनेवरची चावी तिने दोन बोटांत धरली आणि आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण मग मला चिडता आलं असतं.

पुरावा कुठून आणायचा? माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांना मी फोन लावला. ते म्हणाले, "आपलीच असणार रे. तरी कोश बघून सांगतो." त्यांनी सांगितलंच नाही, आणि फोन करूनही उचलेनात. 

त्याच आठवड्यात कंपनीत ऑडिट लागलं. आमचा माल परदेशात जायचा आणि तिकडच्या गिऱ्हाईकाचा माणूस बघायला येणार होता. पोर्तुगालचा. ऑडिटच्या आदल्या दिवशी काय करायचं हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जे मंजूर सामानाच्या यादीत नाही ते लपवायचं. यादीत बादल्या नव्हत्या. आणि आमच्या शॉपमध्ये गळक्या मशीनखाली बादल्याच बादल्या. मॅनेजरच्या हुकमावरून आम्ही सगळ्या बादल्या गोळा केल्या आणि कपडे बदलायच्या खोलीमागे रचून वर ताडपत्री टाकली. माझा आणि वेल्डरचा अबोला चालू होता, तरी ताडपत्रीची दोन टोकं आम्हीच धरली होती. तोही याच कंपनीत, माझ्याच शॉपला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. उंच, टकले, हसतमुख. बरोबर एक इंजिनिअर, बोललेलं समजावून सांगायला. साहेब फिरत फिरत तिसऱ्या मशीनपाशी आले आणि नेमका तेव्हाच मशीनचा पाइप निसटला. मशीन थंड ठेवायचं पांढरं कूलंट धार लागून थेट साहेबांच्या बुटांवर. इंग्रजी-बिंग्रजी विसरून साहेब मागे उडी मारत आपल्या भाषेत ओरडले, "बाल्द! बाल्द!"

इंजिनिअर म्हणाला, "एक मिनिट, सर काय म्हणतायत ते मी—"

तोवर मी निघालो होतो. वेल्डरही निघाला होता. आमच्यामागे ओडिशाचा धाकटा भाऊ, दोन हेल्पर, कँटीनचा माणूस. सगळे ताडपत्रीकडे. मिनिटाभरात साहेबांपुढे सतरा बादल्या हजर. ज्या लपवल्या होत्या त्या सगळ्या. मॅनेजरचा चेहरा कूलंटसारखा पांढरा झाला.

साहेब मात्र बादल्यांकडे बघेनात, आमच्याकडे बघत राहिले. मग इंजिनिअरला विचारलं, यांना पोर्तुगीज येतं का? इंजिनिअर म्हणाला, नाही सर, यांना इंग्रजी पण येत नाही. ते मला लागलं, पण ऑडिट होतं म्हणून गप्प बसलो. साहेबांनी एका बादलीवर बोट ठेवलं. "बाल्द?" मी म्हटलं, "बादली." वेल्डर म्हणाला, "बाल्टी." साहेबांना असं हसू फुटलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

चहाच्या वेळी त्यांनी इंजिनिअरमार्फत आम्हाला सगळं सांगितलं. शब्द त्यांच्याकडचा. त्यांचे खलाशी जहाजावरून दोर टाकून समुद्राचं पाणी ओढायचे, त्या भांड्याचा. जहाज जिथे जिथे लागलं तिथे तिथे बंदरावर बादली उतरली आणि बादलीबरोबर तिचं नाव. आपल्या किनाऱ्यावर उतरली, बंगालला उतरली, श्रीलंकेत बालदिय झाली, पार मलायापर्यंत गेली, तिकडेही बाल्दी म्हणतात. साहेब त्या बाजूच्या कारखान्यांत हिंडलेले होते, तिथेही ऐकून चकित झाले होते. खलाशी परत गेले, राज्य गेलं, बादली राहिली. कारण पाणी कुणालाच चुकलेलं नाही. आणि ते एवढ्यावर थांबले नाहीत. चावी आमची, म्हणाले. इस्त्री, फीत, परात, घमेलं, पाव, बटाटा, काजू, तुरुंग. आणि पगारसुद्धा.

पगार ऐकल्यावर मी कप खाली ठेवला. आजवर मी समजत होतो की पगार आपला, फक्त उशिरा येतो.

वेल्डरने हळूच विचारलं, "भैया, अब कौन हारा?"

मी म्हटलं, "घरी जाऊन बघू."

मावशींनी दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटत होतं, दोघेही चुकले म्हणजे पैज फिटंफाट. मावशींनी मिश्रीचं बोट थांबवलं आणि निकाल दिला, "तुजी न्हाई, त्याची बी न्हाई. म्हंजी दोघंबी हारला. दोघांच्या बारड्या शेवटाला." झालं. नववा नंबर वेल्डर, दहावा मी. माझा दहावा का, तर पैजेचा विषय मी आधी काढला म्हणून.

घरात येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. पोर्तुगाल, खलाशी, मलाया, बंदरं. खोलीत बोट दाखवत फिरलो. ही परात त्यांची, ती इस्त्री त्यांची, टोपलीतला बटाटा त्यांचा. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मग आपलं काय राहिलं?"

"पाणी आपलं आहे," मी म्हटलं.

"तेच तर आता येणार नाही," ती म्हणाली.

आणि खरंच आलं नाही. पहिल्या दिवशी तळाला चार तांबे गढूळ. दुसऱ्या दिवशी नळ नुसता फुरफुरला. तिने चार तांब्यांत आंघोळ केली, मी ओला टॉवेल फिरवून कंपनीत गेलो. बसमध्ये वेल्डर माझ्या शेजारी येऊन बसला, कारण बाकी कुणी आमच्या दोघांच्या शेजारी बसायला तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लातूरची गाडी किती वाजता असते?" साधं विचारल्यासारखं.  मी रागावलो नाही, ओरडलो नाही. मला चक्क रडू येत होतं, तेही एका बादलीपायी. आणि तिला थांब म्हणायला माझ्याकडे तोंडच नव्हतं, कारण तिला इथे आवडलेली एकच गोष्ट मी चारचौघांत उधळून आलो होतो.

त्या दिवशी मी सेकंड शिफ्टला निघालो तेव्हा ती घरात नव्हती आणि तिची पिशवीही खुंटीवर नव्हती. शिफ्टभर मी एकही पार्ट बाद केला नाही. सुपरवायझर येऊन विचारून गेला, तब्येत बरी आहे ना?

परत आलो तर ती घरात झोपलेली होती. पिशवी खुंटीवर. मी तिला जाग येणार नाही असा आडवा झालो.

सकाळी पाचला गलबला ऐकून बाहेर आलो. नळाखाली, पहिल्या नंबराच्याही पुढे, एक नवी कोरी लाल बादली. पाणी आलं होतं, बादली भरत होती, आणि रांगेतली आठ-नऊ माणसं दोन हात लांब उभी होती. एकानेही तिला हात लावला नव्हता. आंध्रचा ऑपरेटर हातांची घडी घालून. बंगाली पेंटर मान वाकडी करून आत काय आहे ते लांबूनच बघत. वेल्डर सगळ्यांना बजावत होता, "लाल डब्बा है. साहब का होगा. हाथ मत लगाना, मेमो हो जाएगा." नेपाळी वॉचमन तर मला बघून म्हणाला, "सर, सही करून सोडा ना, मला ड्यूटी आहे."

मी कुठली सही करणार, मलाच काही कळेना. तेवढ्यात बायको पदर खोचून आली, भरलेली बादली उचलली आणि कुणाकडे न बघता घरात गेली. मग रांग हलली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. लाल बादली भरायची, माणसं लांब उभी. माणसं कंपनीबाहेर होती, पण हातांना सुट्टी कुठली! शेवटी मावशी बाजेवरून उठल्या. त्या आयुष्यात कंपनीत गेल्या नव्हत्या, त्यांना लाल काय नि हिरवं काय. त्यांनी बादलीला पायाने ढोसलं. "ही कुनाची? पैज हारला ना तुमी? मंग ही म्होरं कशी?"

रांग माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली.

"मावशी, पैज ह्यांनी लावली. ह्यांची निळी बादली शेवटीच आहे, बघा. महिनाभर तिथेच राहू दे, मी कशाला हलवू? ही माझी. बाजारातून मी आणली. मी कुणाशी पैज लावलेली नाही. आणि मला रांगेत कुठे ठेवायची ते कुणी सांगितलं नाही. मी ठेवली, तर कुणी हलवली पण नाही."

 मावशींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सगळ्या गड्यांकडे. "न्हाई हलवली, व्हय रं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. "मंग ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "हलवायची हिंमत न्हाई त्यानं नंबर कशापायी मागावा."

मग बायको वेल्डरकडे वळली. "भाऊ, तुमची पण आणा. माझ्या मागे ठेवा. भांडण ह्यांचं, तुम्हाला आंघोळीविना कशाला?" तो बादली आणायला असा काही धावला की वाटेत दोनदा पडला. माझी निळी मात्र महिनाभर दहावीच राहिली. तिच्यात एकदाही पाणी आलं नाही, पण मी ती रोज संध्याकाळी नेमाने ठेवत होतो. बायको म्हणायची, ठेवा, ठेवा, शब्द दिलाय ना.

तिच्या अटीचा महिना संपला त्या दिवशी रविवार होता. मी सकाळपासून तिच्या बॅगेकडे बघत नव्हतो, म्हणजे सारखा बघत होतो. दुपारी जेवताना ती वाढायला वाकली आणि चावी पुढे आली नाही. गळ्यात नुसती मोकळी पिन.  मी म्हटलं, "गाडी किती वाजताची?"

तिने डाव्या हाताची मूठ उघडून चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"तुमची गाडी चारची आहे," ती म्हणाली. "जा आणि मशीन घेऊन या. झाकण उघडून आधी तेल घाला. टपावर आडवी टाकू नका, चाक मोडतं."

मी चावी उचलली. मला बोलायचं होतं बरंच, दोन वर्षांचं साठलेलं. मी तोंड उघडलं.

"आणि चावी कुणाची ते सांगू नका," ती म्हणाली. "माझी आहे."

 ताट तसंच ठेवून चारच्या गाडीला निघालो, आणि येताना लातूर ते निघोजे मशीन मांडीवर धरून आणली.